पाच नंबरची जागा

“त, थ, द, ध, न?” मी विचारलं.

अप्पांची पापणी एकदा मिटली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

“त?” काही नाही. “थ? द?” काही नाही. “ध?”

मिटली.

“‘आ’ झाला, आता ‘ध’,” इम्तियाज म्हणाला. तो जमिनीवर उकिडवा बसला होता. हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि पुढ्यात आमचा कॉम्प्युटर पोट उघडून आडवा पडलेला. “अर्धं? सर, कार्ड अर्धंच बसलंय म्हणताय का?”

दोनदा.

“आधार?” मी म्हटलं. “मानेखाली उशीचा आधार देऊ?”

दोनदा. दुसऱ्या वेळी मिटलेली पापणी उघडायला जरा वेळ लागला. अप्पा दमले की असं व्हायचं.

“आधी,” आई दारातून म्हणाली. “आधी म्हणतायत ते. हो ना हो?”

एकदा.

“मग! मी मघापासून काय सांगतेय? दिवस कलला. आधी त्यांना जेवू दे, मग बसा तुमचं ते उघडून. भूक लागलेली सांगायला माणसाला बाराखडी म्हणायची वेळ आणलीत.”

अप्पांनी दोनदा पापणी मिटली. पुन्हा दोनदा. पण तोवर आई पेज आणायला आत वळली होती आणि मी रुमाल शोधत होते. आमच्या घरात सगळी जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. अप्पांना पेज भरवायला हल्ली फार वेळ लागे. चमचा तोंडात, मग गिळण्याची वाट, मग ठसका, मग थांबणं. त्यामुळे ऊन खिडकीतून सरकलं की आईचा जीव वर-खाली व्हायला लागायचा.

इम्तियाजने खाचेतलं कार्ड दोन्ही हातांनी उपसून काढलं आणि फुंकर मारून ते कागदात गुंडाळलं. “सर, जेवून घ्या. उद्या परत येतो. हे आज ऐकायला तयार नाही.”

“तुझ्या त्या यंत्रानं कधी ऐकलंय?” आई वाटी घेऊन येत म्हणाली.

“काकू, ह्याच्यापेक्षा तुमचा मिक्सर शहाणा आहे.”

“त्याला हात लावू नकोस म्हणजे झालं.”

इम्तियाज हसत गेला. आईने अप्पांना भरवलं. अप्पा चमच्याकडे बघत नव्हते. ते जमिनीवरच्या उघड्या कॉम्प्युटरकडे बघत होते आणि तोंडात आलेलं गिळत होते.

अप्पा एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. शांतिनाथ नांद्रेकर सर. आधी त्यांच्या बोटांतून खडू निसटायला लागला, मग चप्पल पायातून. मग मिरजेतल्या, मग मुंबईतल्या डॉक्टरांनी एकच नाव सांगितलं. स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसा एकामागून एक मरत जातात आणि त्यावर औषध नाही. हातपाय गेले, मान गेली, बोलणं गेलं. ऐकू येणं, दिसणं आणि समजणं मात्र पूर्वीइतकंच लख्ख राहिलं. मी तेव्हा कोल्हापूरला एका कॉलेजात मराठी शिकवत होते. मी बिनपगारी रजा घेऊन मिरजेला आले. अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, त्यांच्या इंग्रजी मासिकांची पानं त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची, “उलटू?” असं विचारायचं आणि पापणी मिटली की उलटायचं. हेच माझं काम झालं.

पापण्यांवर बरंच भागायचं. दिवा मालवू? कूस बदलू? पंखा? त्यापलीकडे काही असेल तर अप्पा डोळे वर छताकडे न्यायचे. मग मी वर्णमालेच्या ओळी म्हणायच्या, ओळ सापडली की अक्षरं म्हणायची. काना-मात्रा सोडून द्यायच्या आणि अंदाजाने शब्द जुळवायचा. इथेच आमचं चुकायचं. दोन अक्षरं आली की आम्ही शब्द पुरा करून टाकायचो. घाई अप्पांना नव्हती, आम्हालाच असायची. आणि हे काम आईला कधीच जमलं नाही. ती “क, ख, ग” म्हणायला लागायची आणि “च” पर्यंत पोचायच्या आत तिचा आवाज फुटायचा. मग ती पदर तोंडाला लावून निघून जायची. त्यामुळे अप्पांना आईशी जे बोलायचं असेल ते माझ्यातून जायचं.

पावसाळा सरता सरता डॉक्टर मगदूम एका सकाळी घरी आले. अप्पांच्या पाठीमागे बोललेलं अप्पांना खपायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

“सर, तुम्हाला फिरवून सांगण्यात अर्थ नाही. छातीचे स्नायू थकायला लागलेत. थंडी सुरू झाली की श्वास पुरा पडणार नाही. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र लावता येतं. एकदा लावलं की ते कायमचं. घरी ठेवता येईल, पण चोवीस तास शेजारी माणूस पाहिजे. नळीतला कफ ओढून काढायचा. लाईट गेली तर ती येईपर्यंत हाताने फुगा दाबत बसायचं. हवं की नको ते आत्ताच ठरवून ठेवा. ऐनवेळी घरच्यांना काही सुचत नाही.”

“हवंय,” आई म्हणाली. “ह्यात ठरवायचं काय आहे?”

डॉक्टर अप्पांकडेच बघत राहिले. “सर?”

अप्पांनी डोळे मिटले. एकदा नाही, दोनदा नाही. मिटले आणि मिटूनच राहिले.

डॉक्टर गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले. आई उशाशी उभी होती.

“अप्पा, यंत्र हवं?”

दोनदा. आईने पलंगाची दांडी धरली.

“मग नको?”

दोनदा.

“ठरत नाही म्हणताय?”

दोनदा.

“दुसरं काही सांगायचंय?”

एकदा.

“अक्षरं म्हणू?”

अप्पांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दोनदा. आणि त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे कॉम्प्युटर होता.

“मशीनवर सांगणार?” मी म्हटलं. “इम्तियाजचं कार्ड लागल्यावर?”

एकदा.

“ते कधी लागायचं?” आई म्हणाली. ह्याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं.

इम्तियाज मुजावर अप्पांचा जुना विद्यार्थी. आता त्याच तंत्रनिकेतनात अप्पांचे तास तो घ्यायचा. अप्पांचा अंगठा चालत होता तोवर त्याने त्यांना एका बटणावर लिहिता येईल अशी सोय करून दिली होती. पुढे अंगठ्याला बटण दाबवेना. तेव्हा त्याने कॉम्प्युटरच्या आत बसणारं एक कार्ड हातानेच तयार करायला घेतलं. कार्डापासून निघालेल्या बारीक तारा भुवईवर चिकटवायच्या. भुवई डोळ्याला दिसणारही नाही इतकी हलली तरी कार्डाला कळणार. पडद्यावर वर्णमालेच्या ओळी एकामागून एक उजळत जाणार, आणि हवी ती ओळ आली की अप्पांनी भुवई ओढायची. अप्पांच्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं, पडद्याकडे फार वेळ बघवायचं नाही. म्हणून ओळींची नावं कॉम्प्युटरने मोठ्याने म्हणायची, असंही त्याने ठरवलं होतं. त्यासाठी माझाच आवाज भरून घेतला. शब्द पुरा करायला मध्ये कुणी नाही. काना-मात्रांचीही वेगळी ओळ होती. अप्पा मला गाळून थेट बोलू शकणार होते.

कार्ड तयार झालं, पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये चालेना. इम्तियाजच्या घरी चालत होतं. आमच्याकडे भुवई ओढली की पहिली ओळ उजळायची, माझा आवाज “क” म्हणायचा आणि त्या “क” वरच सगळं गोठायचं. पडदा तसाच, आवाज तसाच, बटणं दाबा, काही नाही. शेवटी वीज बंद करायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

“दोघं एकाच नंबरवरनं हाक मारतायत,” इम्तियाजने मला समजावलं होतं. “आतल्या प्रत्येक कार्डाला मशीनला हाक मारायला एक नंबर असतो. माझं कार्ड पाचवर पक्कं डाग दिलेलं आहे, ते बदलता येत नाही. तुमचं आवाजाचं कार्ड नवीन, स्वतःचं स्वतः जुळवून घेणारं, आणि ते पण जाऊन बसतंय पाचवरच. दोघांनी एकदम हाक मारली की मशीनला कळत नाही कुणाचं ऐकू.”

“मग आवाजाचं कार्ड दुसऱ्या नंबरवर बसव.”

“बसवतो की. मशीन बंद करून चालू केलं की परत पाचवर. जुळवून घेतंय म्हणे! आमच्या मेव्हण्यासारखं जुळवून घेतंय, जिथं मऊ गादी दिसेल तिथं.”

“तुझ्या कार्डाचा नंबर तूच बदल ना.”

“त्यासाठी कार्डच नवीन करायला लागेल. दोन महिने तरी.” हे तो हळू बोलला होता, आणि बोलून झाल्यावर त्याने अप्पांकडे बघितलं नव्हतं. गणपतीच्या दिवसांत अप्पांची उजवी भुवई थांबली होती. तारा आता डावीवर होत्या.

डॉक्टर मगदूम आठवड्याला यायचे, छातीला नळी लावून ऐकायचे आणि जाताना दारात विचारायचे, “ठरलं?” मी म्हणायची, “मशीन सुरू व्हायचंय.” एकदा ते म्हणाले, “सर सांगणार आहेत ते मशीनवर, की तुम्ही मशीनच्या नावाखाली थांबला आहात?” ते रागाने म्हणाले नव्हते.

तर त्या ‘आधी’च्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचं तोंड पुसताना मी विचारलं, “काल ‘आधी’ म्हणालात, ते जेवणाबद्दल होतं?”

दोनदा.

“कार्डाबद्दल?”

एकदा.

माझ्या हातातला ओला रुमाल तसाच राहिला. काल अप्पांनी वाटीभर पेज गिळली होती.

“पुढचं सांगा,” मी म्हटलं. “मी मध्ये काही बोलणार नाही.”

ज आलं. मग ग. ‘जग’, ‘जागरण’, ‘जागेवर’ असं काय काय माझ्या जिभेवर येत होतं, ते मी दातांखाली धरलं. र आलं. मग ख. मग अप्पांनी डोळे मिटून घेतले. संपलं.

इम्तियाज कॉलेजला जाण्याआधी डोकावला तेव्हा मी म्हटलं, “आधी जागा राख. असं म्हणतायत.”

“कुणाची जागा?”

“ते तुला कळायला पाहिजे.”

तो पलंगाशी उभा राहिला. हेल्मेट काखेत होतं. “आधी म्हणजे... कशाच्या आधी? सर, मशीन चालू व्हायच्या आधी?”

दोनदा. मग डोळे छताकडे. मी ओळी म्हणायला लागले. ह. मग ज. मग र. मी गप्प राहिले, पण इम्तियाजला राहवलं नाही.

“हजर? हजेरी!”

एकदा.

“हजेरी. अरे हो की. सर, वर्गात सांगायचात तुम्ही. मशीन चालू झालं की सगळ्यात पहिल्यांदा हजेरी घेतं. नवी कार्डं ओ देतात. मी अमुक, मला पाच चालेल, दहा चालेल. मग मशीन एकेकाला जागा वाटून देतं.” तो माझ्याकडे वळला. “आणि माझं कार्ड ओ देतच नाही. ते जुन्या पद्धतीचं, त्याला बोलायचं शिकवलेलंच नाही मी. ते बसलंय पाचवर गप्प. मशीनला वाटतं बाक रिकामा, म्हणून ते दुसऱ्याला देऊन टाकतं.”

“मग?”

“मग हजेरीच्या आधी मशीनला सांगून ठेवायचं. पाच नंबर राखीव. तिथं कुणीतरी आहे.”

आई चहा घेऊन उभी होती. “एवढंच होतं? इतके दिवस?”

“एवढंच होतं, काकू.”

“आणि ते काल सांगत होते, आणि मी पेज भरवली.”

इम्तियाजने हेल्मेट खाली ठेवलं आणि कॉलेजला फोन केला की पहिला तास घेता येणार नाही. मग कार्ड खाचेत बसवून वीज लावली आणि मशीन जागं होता होता एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत रांगा. त्यात पाच नंबरची ओळ होती. तिच्यासमोर जे लिहिलं होतं ते बदलून त्याने ती जुन्या कार्डासाठी राखून ठेवली. पुन्हा चालू केलं. ह्या खेपेला आवाजाचं कार्ड निमूट दहावर जाऊन बसलं.

मी अप्पांच्या डाव्या भुवईवर तारा चिकटवल्या. माझा आवाज “क” म्हणाला. मग “च” म्हणाला, मग “ट”. थांबला नाही. इम्तियाजने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तो चक्क नाचला, खोलीतल्या खोलीत, सदऱ्याचं टोक बाहेर आलेलं. अप्पांचा चेहरा हलत नव्हताच. पण त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते नेहमीचं पाणी नव्हतं, असं आई म्हणाली.

सकाळ सराव करण्यात गेली. भुवई ओढायची वेळ साधायला लागायची. उशीर झाला की पुढची ओळ लागायची. अप्पांनी पहिल्यांदा ‘पंखा’ लिहिलं. मग ‘कमी’. दुपारी झोपले. तास आटोपून इम्तियाज परत आला तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. आई स्वयंपाकघरात पेज चढवत होती.

ह्यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आई ह्या वर्षी गेली. ती होती तोवर हे तिचं होतं.

पडद्यावर अक्षरं उमटली: पद्मा.

अप्पांनी आईला नावाने हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. ते “ऐकलं का” म्हणायचे. मी आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि पडद्यासमोर वाकून तिने स्वतःचं नाव वाचलं.

“हं,” ती म्हणाली. “आले. सांगा.”

माझा आवाज ओळी म्हणत राहिला. अप्पा अक्षर अक्षर वेचत राहिले. आई प्रत्येक अक्षर उमटलं की ते पुटपुटायची. “तु... ला... झे... पे... ल... का.”

तुला झेपेल का.

आई सरळ उभी राहिली. “मी जरा गाडीला पाऊस लागतोय का बघतो,” असं म्हणून इम्तियाज बाहेर गेला. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

मला तेव्हा समजलं की अप्पांना उत्तर द्यायचं नव्हतंच. त्यांना प्रश्न विचारायचा होता. पापणीने हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. प्रश्न विचारता येत नाही. आणि त्यांना तो माझ्या तोंडून विचारायचा नव्हता. मी तिथून उठायला हवं होतं, पण तारांचं टोक माझ्या हातात होतं. ती चिकटपट्टी सुटत होती.

“काय झेपेल का?” आई म्हणाली. तिला कळलं होतं. “ते डॉक्टरांचं यंत्र? चोवीस तास बसायचं ते?”

एकदा.

मला वाटलं, ती आता चटकन हो म्हणेल. डॉक्टरांना म्हणाली होती तशीच.

“नाही झेपणार,” आई म्हणाली. “खरं सांगू का? नाही झेपणार. माझी कंबर उठू देत नाही सकाळी. तुमची कूस बदलताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ते मी ह्या चारूलासुद्धा सांगितलेलं नाही. रात्री माझा डोळा लागला तर? लाईट गेली आणि माझा हात थांबला तर? मी त्या यंत्राची स्वप्नं बघते. त्याचा आवाज बंद होतो आणि मी नुसती उभी असते.” तिने श्वास घेतला. “पण करीन. करीन ना. न झेपणारं काय आजच करतेय का मी?”

अप्पांची भुवई हलली. माझा आवाज “प” म्हणाला, तो त्यांनी धरला. म. मग ग.

मग.

“मग-बिग काही नाही,” आई म्हणाली. “करीन म्हटलं ना. पुढचं लिहू नका.”

ते लिहीत राहिले. “न” आला तशी आई वळली आणि स्वयंपाकघरात गेली. “पेज लागेल खाली,” ती म्हणाली. पडद्यावर ‘मग नको’ पुरं झालं तेव्हा समोर मी एकटीच होते.

“काय लिहिलं?” आतून आवाज आला.

“आई, तू इकडे ये.”

“तू वाच. नाही, वाचू नकोस. मला ऐकायचं नाही.” भांड्यावर पळी आपटली. “त्यांना सांग—”

“त्यांना ऐकू येतंय, आई.”

“मग ऐका! लग्नाला तीस वर्षं झाली, कधी काही विचारलंत मला? इचलकरंजीचं घर विकलं तेव्हा विचारलंत? चारूला कोल्हापूरला पाठवताना विचारलंत? सगळं ठरवून झाल्यावर येऊन सांगायचं, पद्मा नाही, बाई नाही, ‘ऐकलं का’! आणि आज विचारताय? आज बरं विचारावंसं वाटलं!”

त्यांचं भांडण चाललं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा. आईला एक वाक्य म्हणायला जितका वेळ लागायचा, तितक्यात अप्पांचं एक अक्षरही व्हायचं नाही. ती थांबायची, वाट बघायची, पण बाहेर यायची नाही. आणि मी दोघांच्या मध्ये. अप्पांनी मला बाजूला ठेवायचा एवढा आटापिटा केला, आणि शेवटी मीच वाचून दाखवत होते.

बऱ्याच वेळाने शब्द पुरा झाला.

“म्हणूनच,” मी मोठ्याने वाचलं.

आत पळीचा आवाज थांबला.

“काय म्हणाले?”

“‘म्हणूनच’ म्हणाले. तू म्हणालीस ना, कधी काही विचारलं नाहीत, आज बरं विचारावंसं वाटलं. त्यावर.”

ऊन भिंतीवर चढलं होतं, दिवस मावळायला थोडाच अवकाश होता. एरवी ह्या वेळेला आई वाटी घेऊन बाहेर असायची. बाहेर इम्तियाज गाडीपाशी उभा होता, पाठमोरा. अप्पांची भुवई आता चुकायला लागली होती. त्यांना हवी ती ओळ निघून जायची, मग माझा आवाज सगळी वर्णमाला फिरून परत तिथे येईपर्यंत ते वाट बघायचे. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. मी म्हटलं, “अप्पा, राहू दे आता. उद्या.” दोनदा पापणी मिटली. ते लिहीत राहिले, आणि मी शब्द मनातसुद्धा पुरा केला नाही.

ती रडतेय का

अप्पांना मान वळवता येत नव्हती. स्वयंपाकघराचं दार त्यांच्या उशामागे होतं.

मी उठून दारापाशी गेले. आई ओट्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. पेजेखालचा गॅस तिने बंद केला होता. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. जुडीचा दोरा अजून सोडलेला नव्हता. तिचे खांदे हलत होते आणि आवाज मुळीच येत नव्हता. तो येऊ नये म्हणून तिने पदर तोंडात धरला होता.

मी परत येऊन अप्पांच्या समोर बसले.

“नाही,” मी म्हटलं. “कोथिंबीर निवडतेय.”